पाइपला मॅग्नेट लावला, पण मोजलं काय?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला एक विक्रेता आला होता. बोअरच्या लाइनवर मॅग्नेट बसवा, गिझरमध्ये क्षार साचणं बंद, असा त्याचा दावा. पुरावा म्हणून त्याने दोन ग्लासांत टीडीएस मीटर बुडवून दाखवला. चेअरमन काका माझ्याकडे वळले, "तू केमिस्ट्रीत पीएचडी करतोयस ना? सांग, घ्यायचं का?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही.

आधी क्षार कुठून येतात ते बघू. पुण्याखाली बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकात मुरतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवतं. (वाघोलीच्या खाणीत निळ्या कॅव्हनसाइटसोबत कॅल्साइटचे सुरेख स्फटिक मिळतात. गिझरच्या रॉडवर बहुतेकदा तेच कॅल्साइट बसतं, फक्त सुरेख दिसत नाही!) पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. आणि साखरेच्या उलट, कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणून थर नेमका रॉडवर जमतो.

आता तो टीडीएस मीटर. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. वाहून नेणारा आयन कॅल्शियमचा की सोडियमचा, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, तेव्हा पाणी मृदू होतं पण टीडीएस फारसा बदलत नाही. हार्डनेस हवी असेल तर ईडीटीए टायट्रेशन करा, बीएस्सीला केलेलं, लालसर रंगाचा निळा होणारं. मॅग्नेटमुळे ते रीडिंग बदलायचं काही कारण नाही, कारण कॅल्शियम पाण्यातच राहतो. प्रामाणिक दावा एवढाच असू शकतो: कॅल्शियम तेवढाच, पण तो वेगळ्या तऱ्हेने बाहेर पडतो.

हा दावा जुना आहे. बेल्जियममध्ये व्हर्मायरेन यांनी १९४५ मध्ये पेटंट घेतलं होतं. २००० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या कोई आणि कास यांनी एक्स-रे डिफ्रॅक्शनने दाखवलं, की चुंबकीय क्षेत्रातून गेलेलं पाणी तापवल्यावर कॅल्साइटच्या तुलनेत अ‍ॅरागोनाइटचं प्रमाण वाढतं, आणि हा परिणाम २०० तासांहून जास्त टिकतो. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, रचना वेगळी. अ‍ॅरागोनाइटच्या सुया भिंतीला तितक्या घट्ट धरत नाहीत असं मानतात.

इथे मी पेन घेऊन बसलो. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, क्षेत्र ०.१ टेस्ला. मग आयनाला जाणवणारं विद्युतक्षेत्र मीटरला ०.१ व्होल्ट. एका नॅनोमीटरवर ०.०००००००००१ व्होल्ट. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपड साधारण ०.०२५ व्होल्टची, म्हणजे २५ कोटी पट मोठी. एकटा आयन ढकलला जाऊन काही घडत असेल, हे पटत नाही. पण २००८ मध्ये गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी स्फटिक तयार होण्याआधीच पाण्यात कार्बोनेटचे छोटे समूह असतात असं दाखवलं. कोईंनी २०१२ मध्ये परिणामाचं स्पष्टीकरण अशाच समूहांत शोधलं. ते अजून सर्वमान्य नाही. मला मात्र "अशक्य" म्हणून फाइल बंद करण्यापेक्षा ही वाट जास्त आवडते.

मीटिंगनंतर मी हौसेने प्रयोग केला आणि तोंडावर पडलो. बोअरचं अर्धं पाणी तासभर पंपाने मॅग्नेटमधून फिरवलं, अर्धं बीकरमध्ये ठेवलं. दोन्ही उकळली. मॅग्नेटवाल्या बीकरच्या काचेवर थर स्पष्ट कमी! ग्रुप मीटिंगमध्ये फोटो दाखवले. सीनियर ताईने एकच विचारलं, "दुसरं पाणी पंपातून फिरवलंस?" नव्हतं फिरवलं. पंपाच्या घुसळणीने कार्बन डायऑक्साइड निघतो, पीएच वाढतो आणि काही कार्बोनेट पाण्यातच कणांच्या रूपात सुटतं. मग काचेवर कमी बसणारच. मॅग्नेटच्या जागी तेवढाच पितळेचा तुकडा लावून पुन्हा केलं, तर फरक रीडिंगच्या चढउतारात हरवला.

अ‍ॅरागोनाइट सापडलं म्हणूनही उड्या मारू नका. पाणी बरंच गरम असेल किंवा त्यात मॅग्नेशियम भरपूर असेल, तर ते मॅग्नेटशिवायही तयार होतं. आपल्या बोअरमध्ये मॅग्नेशियम, गिझरमध्ये उष्णता, दोन्ही हजर. शिवाय बेकर आणि जड यांच्या १९९६ च्या आढाव्यात चांगले निकाल मुख्यतः पाणी पुन्हापुन्हा फिरणाऱ्या यंत्रणांतले होते. आपल्या सोसायटीत पाणी एकदाच पाइपातून जातं आणि टाकीत पडून राहतं.

काकांना मी शेवटी लिहून दिलं: एकाच टाकीवरचे दोन फ्लॅट, सारखे नवे गिझर, एकाच तापमानावर सेट केलेले. एका लाइनला मॅग्नेट, दुसरीला तसाच दिसणारा रिकामा डबा. कुठे काय आहे ते फक्त वॉचमनला माहीत. पाण्याचा वापर मीटरने मोजायचा. तीन महिन्यांनी रॉड काढून, वाळवून वजन करायचं, मग अदलाबदल करून पुन्हा तीन महिने. काका म्हणाले, "दोन फ्लॅटवरून काय कळणार?" बरोबर आहे त्यांचं. म्हणून सध्या मी आणखी आठ घरं शोधतोय.