तरफेच्या कराबिनींतील अडथळे व त्यांची चिकित्सा

जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांपाशीं हल्लीं मूळ शस्त्रांबरोबर त्यांच्या चालत्या प्रतिकृतीही आढळतात. अमेरिकेंतील विंचेस्टर कारखान्याच्या १८७३ सालच्या नमुन्यावरून इटलींत बनविलेली आखूड नळीची बंदूक, म्हणजे कराबीन, त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. तिच्याविषयीं दोन तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. भरलेलें काडतूस वर चढत नाहीं, ही एक. व रिकामें काडतूस बाहेर पडत नाहीं, ही दुसरी. अशा वेळीं पुष्कळांचा हात प्रथम कानशीकडे जातो. तो तसा कां जाऊं नये, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या यंत्राची परंपरा थोडक्यांत अशी. बेंजामिन टायलर हेन्री यानें १८६० सालीं आपल्या तरफेच्या बंदुकीचें पेटंट घेतलें. १८६६ च्या नमुन्यांत नेल्सन किंग याच्या युक्तीनें बाजूच्या झडपेंतून काडतुसें भरण्याची सोय झाली. १८७३ च्या नमुन्यांत पितळी सांगाडा जाऊन लोखंडी आला, व त्याबरोबरच ‘.४४-४०’ हें बुडाच्या मध्यभागीं टोपी असलेलें नवें काडतूस आलें. तें यंत्र व तें काडतूस एकमेकांसाठीं घडविलेलीं होतीं. पुढील सर्व विवेचनाचें बीज याच गोष्टींत आहे.

बंदुकीच्या नळीखालीं दुसरी नळी असते. तींत काडतुसें एकामागें एक आडवीं बसतात व कमानीच्या जोरानें मागें ढकललीं जातात. तेथून काडतूस एका पितळी ठोकळ्यांत शिरतें. त्यास आपण ‘उचलक’ म्हणूं. नळीच्या मागील तोंडाशीं काडतूस बसण्याची जी जागा, तिला ‘कोठा’ म्हणूं. तरफ पुढें ढकलली म्हणजे गुडघ्यासारखे सांधे दुमडतात व दट्ट्या मागें सरतो. त्याच्या टोंकाचा आकडा रिकामें काडतूस कोठ्यांतून ओढतो. आणि अगदीं शेवटच्या टप्प्यांत उचलक सरळ वर येतो. तरफ परत घेतली म्हणजे दट्ट्या नवें काडतूस कोठ्यांत लोटतो व शेवटीं उचलक खालीं उतरतो.

आतां पहिली तक्रार. पुढील काडतुसास अकालीं आंत शिरूं न देणारा निराळा अडसर या यंत्रांत नाहीं. उचलकांत बसलेलें काडतूस हाच तो अडसर होय. तें प्रमाणाहून आखूड असल्यास पुढील काडतुसाचें बूड उचलकांत घुसतें. तें लांब असल्यास त्याचेंच टोंक नळींत राहतें. दोन्ही प्रकारांत उचलक जागचा हालत नाहीं. ‘.४४-४०’ ची कमाल लांबी १.५९२ इंच आहे. प्रतिकृति मात्र अनेकदां ‘.३५७ मॅग्नम’ या विसाव्या शतकांतील काडतुसासाठीं बनवितात. त्याची कमाल लांबी १.५९० इंच, म्हणजे जवळजवळ तितकीच. परंतु त्याच कोठ्यांत ‘.३८ स्पेशल’ हेंही बसतें. त्याची कमाल लांबी १.५५० इंच असून प्रत्यक्षांत तें पुष्कळदां याहूनही आखूड भरलेलें असतें. यंत्र थोडा फरक सोसतें, फार सोसत नाहीं. म्हणून अशा अडथळ्यांत दोष बहुधा बंदुकीचा नसून काडतुसाचा असतो. ब्राउनिंगनें रचलेल्या १८९२ च्या नमुन्यांत या कामासाठीं स्वतंत्र अडसर आहे. तेव्हां एका नमुन्याचें निदान दुसऱ्यास लावूं नये.

दुसरी तक्रारही अशीच उलगडते. १८७३ च्या रचनेंत रिकामें काडतूस बाहेर फेंकणारा वेगळा भाग नाहीं. वर येणारा उचलकच त्यास खालून धक्का देऊन आकड्यांतून सोडवितो. तरफ अर्धवट किंवा भीतभीत चालविल्यास हा धक्का पुरा बसत नाहीं व रिकामें काडतूस तेथेंच लोळतें. दुसरें कारण काजळी. ‘.४४-४०’ च्या तोंडाचा पत्रा पातळ असल्यानें तो बारासरशी फुगून कोठ्यास चिकटतो व धूर मागें येऊं देत नाहीं. ‘.४५ कोल्ट’ हें मूळचें रिव्हॉल्व्हरचें काडतूस. एकोणिसाव्या शतकांत विंचेस्टरनें आपल्या तरफेच्या बंदुका त्यासाठीं बनविल्या नाहींत. प्रतिकृतींत तें सर्रास वापरतात. त्याचा पत्रा तितका फुगत नसल्यानें काळ्या दारूची घाण यंत्रांत उतरते, व उचलक जड चालूं लागतो.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, दारू व टोपी नसलेलीं निर्जीव काडतुसें घ्यावींत. प्रथम त्यांची लांबी मोजावी. नंतर उचलक, त्याची खोबण व कोठा स्वच्छ करावा. मग तरफ शेवटपर्यंत, एका दमांत चालवून पाहावी. केवळ शेवटचीं एकदोन काडतुसें येत नसतील तर साठ्याच्या नळींतील कमान मंदावली किंवा वांकली आहे काय, तें पाहावें. काडतूस कोठ्यांतून निघतच नसेल तर आकड्याची धार तपासावी. एवढें करूनही दोष राहिल्यास भाग बदलावा. काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. मूळ भागास कानस लावूं नये.

पोथींत एखादा पाठ दुर्बोध दिसला म्हणून आपण त्यावर हरताळ फिरवीत नाहीं. आधीं इतर प्रती पाहतों. येथेंही तोच न्याय लागू आहे. प्रतिकृतीचा घांसलेला भाग पुन्हां विकत मिळतो. परंतु हाताची ती संवय उद्यां मूळ शस्त्रावरही चालते, आणि मूळ नमुना पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत बनणें बंद झाला. त्याच्या उचलकावरील कारागिराच्या हत्याराच्या खुणा, झिजेच्या रेषा, हा सर्व पुरावाच आहे. संग्राहकानें कानशीआधीं मोजपट्टी हातीं घ्यावी, एवढीच विनंति.