जागी खिडकी

वर्गात गुरुजी प्रश्न विचारतात. अनेक हात वर होतात. परंतु उत्तर देण्यासाठी एकच विद्यार्थी उभा राहतो. त्या क्षणी बाहेरून कोणी आत आला, तरी बोलणे कोणाशी चालले आहे हे त्याला विचारावे लागत नाही. संगणकाच्या पडद्यावरही अशीच व्यवस्था असावी लागते. ती कशी साधतात, ते आपण पाहू.

संगणकावर एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवता येतात. एका चौकटीत पत्र असते, दुसरीत हिशेब, तर तिसरीत एखादे चित्र. अशा प्रत्येक चौकटीस खिडकी म्हणतात. खिडक्या अनेक असल्या, तरी कळफलक मात्र एकच असतो. मग आपण ‘क’ची कळ दाबली, तर ते अक्षर कोणत्या खिडकीत उमटावे? सर्वच खिडक्यांत उमटले, तर पत्राचा हिशेब आणि हिशेबाचे पत्र होईल! म्हणून अक्षरे स्वीकारण्याचा अधिकार एका वेळी एकाच खिडकीस दिलेला असतो. तिला सक्रिय खिडकी म्हणतात. आपण तिला जागी खिडकी म्हणू.

ही जागी खिडकी ओळखावी कशी? अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तेथे १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला. टेबलावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर पसरलेल्या खिडक्या पुढे त्याच्या पडद्यावर दिसू लागल्या. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला. त्याचा पडदा केवळ काळापांढरा होता. रंगाचे साहाय्य मुळीच नव्हते. तेव्हा रचनाकारांनी एक साधी युक्ती योजिली. खिडकीच्या माथ्यावर तिच्या नावाची पट्टी असे. जाग्या खिडकीच्या पट्टीवर आडव्या रेघा काढल्या आणि इतरांच्या पट्ट्या कोऱ्या ठेवल्या. पुढे १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये जागी पट्टी गडद निळी, तर बाकीच्या करड्या रंगाच्या असत.

आपण माऊसने दुसऱ्या खिडकीवर टिचकी मारली, की संगणक दोन निरोप धाडतो. पहिल्या खिडकीस तो सांगतो, “तू आता बस.” दुसरीस सांगतो, “तू ऊठ.” पहिली आपली पट्टी फिकी करते, दुसरी आपली पट्टी ठळक करते. यांपैकी पहिला निरोप चुकला, तर दोन विद्यार्थी एकदम उभे राहिल्यासारखे होईल.

कधी कधी एका मोठ्या खिडकीच्या पोटात अनेक लहान खिडक्या असतात. अशा वेळी मोठ्या खिडक्यांपैकी कोणती जागी, आणि तिच्या पोटातील कोणती जागी, अशा दोन गोष्टी कळाव्या लागतात. म्हणून दोन्ही ठिकाणी खूण करणे अवश्य ठरते.

ही खूण अस्पष्ट असली, तर काय होते, याचा अनुभव मी मुख्याध्यापक असताना घेतला. सातवीच्या दोन तुकड्यांच्या गुणपत्रिका मी एकाच मोठ्या खिडकीत उघडल्या होत्या. जागी पट्टी आणि निजलेली पट्टी यांच्या रंगांत अगदी थोडा फरक होता. मी घाईने गुण भरीत गेलो. संध्याकाळी पडताळून पाहतो, तो ९२ गुण मिळविणाऱ्या मुलीच्या नावापुढे ३१! एका तुकडीचे गुण दुसऱ्या तुकडीच्या यादीत पडले होते. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, म्हणून बरे! चूक निम्मी माझ्या घाईची होती, आणि निम्मी त्या पुसट खुणेची.

यावरून चांगली खूण कशी असावी, हे ध्यानात येईल. ती शोधावी लागू नये. ती केवळ रंगावर विसंबून नसावी. कारण काही माणसांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद दिसत नाही. रंगाच्या जोडीला गडद-फिका हा फरक, जाड कड किंवा खिडकीभोवतीची सावली असावी. इतर खिडक्या किंचित मंद केल्या, तर जागी खिडकी आपोआप उठून दिसते. मात्र खूण सारखी लुकलुकती नसावी. नाहीतर लक्ष कामाऐवजी तिच्याकडेच जाईल.

दिव्याने स्वतःकडे पाहावयास लावू नये, वाट दाखवावी. खुणेचेही तसेच आहे. परंतु खूण कितीही स्पष्ट असली, तरी ती पाहणारा डोळा आपलाच. म्हणून पहिली कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे, जागी खिडकी कोणती ते पाहावे, आणि मगच लिहू लागावे.

स्वाध्याय

१. एका वेळी एकच खिडकी जागी का ठेवावी लागते?
२. मॅकिंटॉशच्या रचनाकारांनी रंगावाचून कोणती युक्ती योजिली?
३. ‘चूक निम्मी माझ्या घाईची होती’, असे लेखक का म्हणतो?