शंभर रुपयांच्या कापडावर साडेतीन रुपये

वाचकहो, भिवंडीजवळच्या दापोडे गावाकडे आपण कधी गेला असाल, तर तिथली गोदामे आपण पाहिली असतील. ट्रक येतात, माल उतरतो, पुन्हा चढतो आणि गावोगाव जातो. शेजारी भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट चाललेला असतो. माग दिसतो, माल दिसतो. पण त्या मालाबरोबर चालणारी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे कर. कर कोणावर बसवायचा आणि कोणाला सोडायचे, यावर कोणाचा माग चालेल हे पुष्कळदा ठरत असते. एके काळी आपल्या कापडावरचा हा कर लंडनमध्ये ठरत होता. त्याचीच हकीकत आज पाहू.

त्या काळी विलायतेत दोन मोठे पक्ष होते. एक उदारमतवादी, आणि दुसरा कॉन्झर्व्हेटिव्ह. त्याला आपल्याकडे ‘हुजूर पक्ष’ म्हणत. तिकडे लँकशायर नावाचा परगणा आहे. मँचेस्टर शहर तेव्हा त्याच परगण्यात होते. तिथल्या कापडगिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. पण मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या. तेव्हा मँचेस्टरला चिंता पडली. विलायती कापडावर इथे शेकडा ५ रुपये जकात होती. ती उठवा, असा तिथल्या गिरणीवाल्यांनी धोशा लावला.

१८७७ साली हुजूर पक्षाचे डिझरायली पंतप्रधान असताना पार्लमेंटने तसा ठराव केला. आपल्याकडे दख्खनचा दुष्काळ पडला होता, सरकारला पैशाची गरज होती. तरीही १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्या मंडळातल्या बहुसंख्य सभासदांचे मत बाजूला सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली. उरलेली १८८२ मध्ये गेली, आणि तेव्हा राज्य उदारमतवाद्यांचे होते, बरं का! म्हणजे दोष एकाच पक्षाच्या माथी मारून चालणार नाही. मँचेस्टरच्या मतदाराला दोन्ही पक्ष भीत होते.

पुढे तिजोरीत तूट आली. १८९४ अखेर विलायती कापडावर पुन्हा शेकडा ५ जकात बसली. पण लँकशायरचे समाधान व्हावे म्हणून इथल्या गिरण्यांच्या २० नंबरापेक्षा बारीक सुतावरही तेवढाच कर लावला. एवढ्यानेही भागले नाही. १८९५ च्या निवडणुकीत लँकशायरने हुजूर पक्षाला आणि त्याच्या साथीदारांना भरघोस जागा दिल्या. लॉर्ड सॉल्सबरी पंतप्रधान होते आणि लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन भारतमंत्री. १८९६ मध्ये नवा कायदा आला. विलायती कापडावर जकात शेकडा साडेतीन. आणि आपल्या गिरणीत विणलेल्या प्रत्येक कापडावरही अबकारी कर शेकडा साडेतीन! सूत मात्र दोन्हीकडे मोकळे केले. हातमागाला हा कर नव्हता.

आता शिक्षकांनी फळ्यावर हिशेब मांडावा. बारीक विलायती कापड घेणाऱ्या सुखवस्तू माणसाचा शंभर रुपयांमागे दीड रुपया कर वाचला. शेतकरी आणि मजूर वापरतात ते जाडेभरडे गिरणीचे कापड. त्यावर आधी कर नव्हता. तिथे साडेतीन रुपये नवे बसले. लँकशायरचा माल बहुतेक बारीक, म्हणजे जाड्या कापडाची त्याच्याशी फारशी स्पर्धाही नव्हती. तरी भार पडला तो गरिबाच्या धोतर-लुगड्यावर. कुंपणानेच शेत खावे, तशातली ही गत. विलायती कापडावर बहिष्काराची हाक त्या वेळी महाराष्ट्रात उठली, ती काही उगीच नव्हे.

हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. १९२५ मध्ये गिरण्यांचा धंदा मंदावला, जपानी मालाची स्पर्धा वाढली. मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपलीच माणसे मोठ्या संख्येने होती. अबकारी उठवा, म्हणजे कपात मागे घेतो, असे मालक म्हणत होते. अखेर डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला, कपात रद्द झाली, संप मिटला. १९२६ मध्ये कर कायमचा गेला. गंमत अशी, की त्याही वेळी लंडनमध्ये राज्य हुजूर पक्षाचेच होते, बाल्डविन यांचे. पक्ष तोच, पण या खेपेला कामगार एकजुटीने उभा होता आणि मालकालाही तो कर नको होता.

यातून काय घ्यावे? लँकशायरच्या गिरणीवाल्याला मत होते, आणि आपल्या विणकराला, शेतकऱ्याला त्या पार्लमेंटसाठी मत नव्हते. सगळा फरक तिथे होता. आज मत आपल्या हाती आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि त्याचे दर आपणच निवडून दिलेली केंद्राची व राज्यांची सरकारे ठरवतात. म्हणून कोणताही नवा कर कानावर आला, की तीन प्रश्न विचारावेत: हा कोणी मागितला? तो कोणाच्या खिशातून जाणार? आणि कोण मोकळा सुटला? दापोड्याच्या गोदामातला गठ्ठा पाहताना मुलांना एवढे तीन प्रश्न सुचले, तरी अर्थशास्त्राचा पहिला धडा झाला म्हणायचा.