दाब, प्रवाह आणि रोध : जयपुरातील एका दुपारचे गणित

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सुमारे 27 मीटर उंचीचे सम्राट यंत्र उभे आहे. त्याच्या शंकूची छाया खालच्या अंकित कमानीवरून दर सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर सरकते. काळ डोळ्यांना दिसत नाही. परंतु छाया दिसते आणि मोजताही येते. जे अदृश्य आहे त्याचे माप दृश्य साधनाने घ्यावे, हाच या वेधशाळेचा मूलमंत्र होय.

वीजही अशीच अदृश्य आहे. मे महिन्यात जयपूरच्या परकोट्यातील एखाद्या जुन्या घरात दुपारी पंखा मंदावतो, इस्त्री नीट तापत नाही आणि घरातील माणसे म्हणतात, "वीज कमी आली." परंतु कमी झाले ते नेमके काय? दाब, प्रवाह की शक्ती? या प्रश्नाचे उत्तर मापनावाचून मिळत नाही, आणि कधी कधी त्या उत्तरावर घराची सुरक्षितता अवलंबून असते.

ओहमचा नियम

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसविले. त्यानंतर बरोबर 100 वर्षांनी, 1827 मध्ये, गेओर्ग सिमोन ओहम या जर्मन शिक्षकाने आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. तांबे व बिस्मथ यांच्या सांध्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून त्याने स्थिर दाब मिळविला, आणि तारेची लांबी बदलून प्रवाह कसा बदलतो ते पाहिले. त्यावरून असे सिद्ध झाले की, तापमान कायम असता धातूच्या तारेतील प्रवाह दाबाच्या प्रमाणात असतो. दाबाला प्रवाहाने भागले असता येणारी राशी म्हणजे त्या तारेचा रोध. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये घेतला म्हणजे रोध ओहममध्ये मिळतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती मिळते. तिचे एकक वॅट.

आता इस्त्रीचा विचार करू. तिच्यावर 230 व्होल्ट, 1000 वॅट असे लिहिलेले आहे. 1000 ला 230 ने भागले असता प्रवाह सुमारे 4.35 अँपिअर येतो, आणि 230 ला 4.35 ने भागले असता रोध सुमारे 52.9 ओहम येतो. दाब 200 व्होल्टवर उतरला तर प्रवाह 3.78 अँपिअर होईल आणि शक्ती केवळ 756 वॅट उरेल. दाब 13 टक्क्यांनी घटला, पण शक्ती 24 टक्क्यांहून अधिक घटली. कारण दाबाबरोबर प्रवाहही घटतो.

हरवलेले 10 व्होल्ट

समजा, त्या घरात केवळ तापणारी उपकरणे चालू ठेवून जाणत्या कारागिराने मापे घेतली. प्रवाह 20 अँपिअर आहे. खांबापाशी दाब 210 व्होल्ट, तर खोलीत 200. खांबापाशीच दाब उणा आहे, तो दोष घराचा नव्हे. परंतु वाटेत हरवलेल्या 10 व्होल्टांचा हिशेब घरालाच द्यावा लागेल. 10 ला 20 ने भागता वाटेतील रोध 0.5 ओहम ठरतो.

वाटेत 4 चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार जाऊन-येऊन 65 मीटर आहे. 20 अंश सेल्सियसला तिचा रोध सुमारे 0.3 ओहम भरतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो; म्हणून जयपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तो 0.33 ओहम होईल. मग उरलेला 0.17 ओहम कोठे आहे?

तो बहुधा एखाद्या सैल, काळवंडलेल्या सांध्यात आहे. रोधात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स प्रेस्कॉट जूल याने 1841 मध्ये प्रसिद्ध केले. 20 चा वर्ग 400, त्यास 0.17 ने गुणता 68 वॅट येतात. डाख देण्याची लहान कावी 25 वॅटची असते. म्हणजे अशा दोन कावींहून अधिक उष्णता भिंतीतील नखाएवढ्या जागेत निर्माण होत आहे.

येथे फ्यूज उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घ्यावे. सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. आणि फ्यूज तर प्रवाह वाढला तरच वितळतो. म्हणून उष्ण प्लग, जळका वास, पिवळसर पडलेला स्विच ही चिन्हे दिसताच मुख्य स्विच बंद करून सांधे तपासून घेणे हाच उपाय होय.

नियमाच्या मर्यादा

हे गणित सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. 60 वॅटच्या तंतुदीपाचा रोध पेटलेला असता सुमारे 880 ओहम असतो. थंड असता त्याच्या एकदशांशाहूनही कमी. कूलरच्या मोटारीत दाब व प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. म्हणून त्यांच्या गुणाकारास आणखी शक्तिगुणकाने गुणावे लागते. 230 व्होल्ट व 0.9 अँपिअर यांचा गुणाकार 207 येतो, परंतु शक्तिगुणक 0.8 असेल तर खरी शक्ती सुमारे 166 वॅटच होय.

व्होल्टमापक उपकरणाला समांतर व अँपिअरमापक एकसर जोडावा लागतो. हे काम जाणत्यानेच करावे. भागाकार मात्र घरातील कोणीही करू शकेल.