शेल्टर एकटं पुरत नाही



मागच्या महिन्यात बडोद्याच्या एका श्रोत्या ताईंचं पत्र आलं. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी एक लॅब्रॅडॉर बांधून निघून गेलं. गळ्यात पट्टा, शेजारी पाण्याचं भांडं आणि बिस्किटाचा पुडा. ताईंनी प्राण्यांच्या शेल्टरला फोन केला. उत्तर आलं, जागा नाही. ताई विचारतात, "कर्नलसाहेब, मग ही शेल्टरं असतात तरी कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. दहा वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला असता, आणि जरा चढ्या आवाजात विचारला असता. आज उत्तर थोडंफार माहीत आहे, कारण मधल्या काळात मी स्वतः एक चूक केली आणि ती निस्तरताना बरंच शिकलो. तीच गोष्ट आधी सांगतो.

निवृत्तीनंतर मी डेहराडूनला स्थायिक झालो. आमच्या कॉलनीत निम्मे फौजी, निम्मे बँकेतले आणि सरकारी नोकरीतले. गल्लीत आठ कुत्री होती. रात्री भुंकायची, सकाळी फिरायला निघालं की मागे यायची. तक्रारी वाढल्या तेव्हा कमिटीने एक माणूस गाठला. त्याने पैसे घेतले, दोन रात्रींत आठही कुत्री उचलली आणि कुठेतरी लांब सोडून आला. त्या वर्गणीत माझेही पाचशे रुपये होते. काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटलं.

तीन महिन्यांत गल्लीत अकरा कुत्री झाली. सगळी नवीन, कुणालाच न ओळखणारी, आपसात भांडणारी. त्यातल्या एकाने आमच्या दूधवाल्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा चावा घेतला. मुलाला लस मिळाली, तो बरा झाला. पण त्या संध्याकाळी त्याचा बाप माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "साहब, पुराने वाले तो मेरी साइकिल पहचानते थे." त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

असं का झालं, ते पुढे एका शेल्टरच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. कुत्रं हे इलाख्याचं जनावर. जिथे कचरा, खरकटं आणि आडोसा आहे, तिथे ठरावीक संख्येने कुत्री राहतात. ती उचलली तरी खरकटं तिथेच राहतं, मग शेजारच्या गल्लीतली कुत्री मोकळी जागा धरतात. ठाण्यातली पलटण हलवली आणि ठाणं मोकळं सोडलं, तर ते कुणीतरी ताब्यात घेणारच. एवढी साधी गोष्ट एका निवृत्त अधिकाऱ्याला कळायला हवी होती.

हा अनुभव आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. मद्रासमध्ये आणि मुंबईत महापालिका वर्षानुवर्षं रस्त्यावरची कुत्री मारत असत. मद्रासला तर नव्वदच्या दशकात हा आकडा दिवसाला शंभराच्या वर गेला होता. तरी कुत्री कमी झाली नाहीत आणि रेबीजही हटला नाही. चेन्नईची ब्लू क्रॉस संस्था १९५९ साली कॅप्टन सुंदरम या वैमानिकाने सुरू केली. मारण्याऐवजी नसबंदी करा, असं ती १९६४ पासून सांगत होती. पालिकेला ते पटायला १९९६ उजाडलं. मुंबईनेही त्याच दशकात मारणं थांबवलं. २००१ साली देशभरासाठी नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ.

फौजेत जखमी जवानाची व्यवस्था कशी असते? आघाडीवर पलटणीचा मदत कक्ष, मागे फील्ड हॉस्पिटल, त्याच्याही मागे बेस हॉस्पिटल. किरकोळ जखमेवर पट्टी पुढेच होते. मागे जातो तो ज्याला खरोखर शस्त्रक्रिया लागते. आणि बरा झाला की तो आपल्या पलटणीत परततो. प्रत्येक खरचटलेला जवान थेट बेस हॉस्पिटलला धाडला आणि कुणी परत न्यायला आलंच नाही, तर आठवड्यात खाटा संपतील.

शेल्टरचं नेमकं हेच होतं. शंभर जागा असलेल्या शेल्टरात शंभर कुत्री आली आणि एकही बाहेर गेलं नाही, तर एकशेएकावं कुत्रं गाडीखाली सापडलेलं असलं तरी त्याला जागा नाही. शिवाय गर्दी म्हणजे रोग. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार पिल्लांचे काळ आहेत. लस न झालेलं पिल्लू भरलेल्या शेल्टरात नेऊन ठेवणं म्हणजे अनेकदा त्याला मरणाच्या दारात ठेवणं. आईजवळ धडधाकट खेळणारी पिल्लं लोक दयेपोटी उचलतात आणि शेल्टरच्या दारात ठेवून जातात. मंडळी, तसं करू नका. आई जिवंत असेल तर निदान आठ आठवडे ती जागा पिल्लांसाठी सगळ्यांत चांगली. तुम्ही आईला खायला घाला, एक खोकं आणि गोणपाट द्या.

म्हणजे शेल्टर हे इस्पितळ समजा. मुक्काम थोडा, काम मोठं. अपघात, गंभीर आजार, नसबंदीची शस्त्रक्रिया आणि ज्यांना रस्त्यावर जगताच येणार नाही अशांचा सांभाळ, हे त्यांचं काम. उरलेलं काम वस्तीचं. आमच्या कॉलनीत आम्ही ते कसं वाटून घेतलं, ते सांगतो.

त्या चाव्यानंतर बैठक झाली. चांगलीच तापली. एका बाजूला कुत्र्यांना रोज पोळ्या घालणाऱ्या निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या बाजूला लहान मुलांचे आईबाप. डॉक्टर बाईंना आम्ही बोलावलं होतं. त्यांनी आधी आईबापांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे. ती कमी करायची असेल तर मला या गल्लीतली सगळी कुत्री एकाच हप्त्यात हवीत." ज्याला भीती वाटते त्याला प्राण्यांचा शत्रू ठरवलं की बैठक तिथेच मोडते, हे मी त्या दिवशी शिकलो.

पहिलं काम मोजणी. दोन दिवस पहाटे साडेपाचला आम्ही चौघं वही घेऊन फिरलो. रंग, नर की मादी, कुठे झोपतं, कोण खायला घालतं. ही यादी शेल्टरला फार मोलाची असते. अनोळखी गाडी जाळं घेऊन आली की कुत्री पळतात, पण रोज पोळी घालणाऱ्या बाईंच्या हातात ती आपण होऊन येतात. अकरातली सात शिक्षिकाबाईंनी एकट्यांनी गाडीत चढवली.

दुसरं काम नसबंदी आणि लस. मादी साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षाला दोन वेतं होऊ शकतात, म्हणून गल्लीतली दोनच कुत्री नेऊन भागत नाही. भागातली बहुतेक सगळी थोड्या अवधीत व्हावी लागतात. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस देखरेख, रेबीजची लस, आणि ओळखीसाठी कानाच्या टोकाला छोटीशी खाच. मग ज्या जागेवरून उचललं तिथेच परत. तुमच्या गल्लीत कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं तर समजा, त्याचं काम झालेलं आहे. लस मात्र पुढे वेळेवर पुन्हा द्यावी लागते आणि त्याची आठवण वस्तीनेच ठेवायची. आमच्याकडे ती वही माझ्याकडे असते.

लसीचं गणित लक्षात ठेवा. एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळत राहिली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गोव्याने हे करून दाखवलं. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

तरीही चावा झालाच तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लसीचे सगळे डोस पूर्ण करा, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जीव वाचणं जवळपास अशक्य असतं, म्हणून इथे चालढकल नाही.

तिसरं काम खाणं. आमच्या बैठकीतला खरा तह इथे झाला. शिक्षिकाबाई मुलांच्या मैदानाजवळ पोळ्या घालत, ते बंद झालं. कॉलनीच्या मागच्या भिंतीशी जागा ठरली, वेळ पहाटेची आणि रात्री नवाची, खाऊन झालं की जागा झाडायची. पोट भरलेलं कुत्रं सायकलमागे कमी धावतं. आणि कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवली, कारण उघडं खरकटं हे नव्या कुत्र्यांना दिलेलं आमंत्रणच.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात परत सोडावीत, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा पालिकांनी ठरवून द्याव्यात, असं सांगितलं. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून तिथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. म्हणून जागा ठरवताना पालिकेला विचारून, लेखी घेऊन करा.

चौथं काम तात्पुरतं घर. पाय मोडलेलं कुत्रं, आई मेलेली पिल्लं, यांना इस्पितळानंतर चार-सहा आठवडे एक कोपरा हवा असतो. कुणाची गच्चीवरची खोली, कुणाची बंद बाल्कनी. औषध आणि डॉक्टर शेल्टरचे, जागा आणि माया तुमची. असं एक घर मिळालं की शेल्टरातली एक जागा मोकळी होते. कायमचं दत्तक घेणं सगळ्यांना जमत नाही, पण सहा आठवडे पुष्कळांना जमतात.

आणि दत्तक. शेल्टरवाले फार चौकशा करतात अशी तक्रार ऐकतो. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकाला चालेल का, बदली झाली तर काय? हा शेवटचा प्रश्न मला विचारला गेला, तेव्हा माझा चेहरा उतरला होता. त्याचं कारण आजवर मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी मेजर होतो. आमच्या घरी राजा नावाचा गावठी कुत्रा होता. मुलीच्या पाळण्याखाली झोपायचा. माझी फील्ड एरियात बदली झाली, कुटुंब साताऱ्याला दोन खोल्यांत जाणार होतं. सामान बांधायला चार दिवस, आणि राजाचा विचार मी चौथ्या दिवशी केला. एका ठेकेदाराला तो दिला, शंभर रुपये हातावर ठेवले आणि गाडी पकडली. दीड महिन्याने शेजाऱ्यांचं पत्र मिळालं. राजा आठ मैल चालून परत आला होता आणि आमच्या जुन्या क्वार्टरच्या पायरीवर बसायचा. नव्या लोकांनी हाकलला की फाटकाशी, मग पुन्हा पायरीवर. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिने एकदा विचारलं, मी विषय बदलला.

म्हणून ताई, तुमच्या फाटकाशी लॅब्रॅडॉर बांधणारा माणूस राक्षस असेलच असं नाही. तो बहुधा चौथ्या दिवशी विचार करणारा माणूस आहे. १९६० च्या कायद्याने प्राण्याला असं उपासमारीच्या तोंडी टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर पन्नास रुपये. त्या धाकाने कोण थांबणार? थांबवू शकतात ती शेजारची माणसं. बदली, आजारपण, म्हातारपण, घरातला मृत्यू, अशा वेळी कुणीतरी विचारायला हवं, "तुमच्या कुत्र्याचं काय ठरवलंत? दोन महिने आहेत, आपण घर शोधू."

तुमच्या लॅब्रॅडॉरबद्दल आता नेमकं सांगतो. त्याला मोकळं सोडू नका. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही आणि गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप आहे का ते तपासा, लसी द्या. फोटो काढून आसपासच्या दवाखान्यांत लावा, हरवलेलाही असू शकतो. शेल्टरला पुन्हा फोन करा, पण वेगळं विचारा. "ठेवून घ्याल का?" असं न विचारता म्हणा, "आम्ही महिनाभर सांभाळतो, घर शोधायला मदत कराल का?" या प्रश्नाला नाही म्हणणारं शेल्टर मी अजून पाहिलेलं नाही.

आमच्या गल्लीत आज नऊ कुत्री आहेत. सगळ्यांच्या कानाला खाच आहे, दोन म्हातारी झालीत. दूधवाल्याचा मुलगा आता सायकलवरून एकटा येतो आणि त्यांना नावाने हाक मारतो. माझ्या पायाशी आत्ता झोपलेली हिरा शेल्टरमधून आली, मागचा एक पाय नसलेली. तिच्या दत्तकपत्रावर बदलीच्या रकान्यात मी लिहिलंय, माझ्यानंतर मुलगी सांभाळेल. सही मुलीने केली आहे. त्या दिवशी मी तिला राजाची गोष्ट पूर्ण सांगितली.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.