माशांच्या टाकीत दगड घालताय? आधी थेंब टाकून पाहा



पोराबाळांच्या हट्टापायी आता खेड्यातल्या घरांतही काचेच्या टाक्या आल्या आहेत. रंगीत मासे छत्रपती संभाजीनगरच्या बाजारातून येतात. शोभेचे दगड मात्र बांधावरचे, नाहीतर बांधकामातून उरलेल्या फरशीचे. पुढे मासे मलूल पडले की दुकानदाराला बोल लागतो. दोष पुष्कळदा दगडाचा असतो.

उसाच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या चुनखडीमुळे आपल्या उसावर केवडा पडतो, तीच इथेही नडते. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी जड होते, सामू वाढतो. सामू वाढला की माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया अधिक जहरी ठरतो. गप्पी, मोली जड पाण्यात निभावतात; टेट्रासारख्या नाजूक जातींना ते मानवत नाही. त्यात आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा आधीच जड.

मग दगड कोणता घ्यावा? आपला काळा पाषाण उत्तम. वेरूळची लेणी ज्या जातीच्या खडकात कोरली, तोच खडक आपल्या विहिरींना लागतो. त्यातून पाण्यात फारसे काही उतरत नाही. गारगोटी आणि ग्रॅनाइटही चालतात. मात्र काळ्या पाषाणाच्या छिद्रांत पांढरे खडे भरलेले असतात. त्यांतले काही निरुपद्रवी, तर काही चुन्याचे असतात.

रंगावर मुळीच जाऊ नका. कडाप्पा काळा, शहाबादी फरशी राखाडी, संगमरवर पांढरा. पण तिन्ही चुन्याच्याच जातीचे. शंख-शिंपलेही त्यातलेच.

परीक्षा सोपी आहे. दगड धुऊन, वाळवून, अंगणात ठेवावा. त्यावर संडास साफ करण्याच्या ॲसिडचे दोन-तीन थेंब काचेच्या कांडीने टाकावेत. पांढऱ्या ठिपक्यांवरही टाकावेत. फसफसून फेस आला तर दगड बाद. लिंबाच्या रसानेही पाहता येते, पण तो सौम्य असल्याने थोडा चुना असेल तर कळत नाही. ॲसिड हाताळताना मोजे घालावेत, तोंड दूर ठेवावे, पोरांना लांब ठेवावे. नंतर दगड भरपूर पाण्याने धुवावा.

तरीही शंका राहिली तर दोन बादल्या घ्याव्यात. दोन्हींत एकच पाणी भरावे, एकीत दगड टाकावा आणि आठ दिवसांनी दोन्हींचा सामू पट्टीने पाहावा. दगडाच्या बादलीत तो वाढला तर तो दगड नको. गंजाचे डाग पडलेले किंवा धातूसारखे चमकणारे दगडही टाळावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. जिथे बेणेप्रक्रिया होते, जिथे फवारणीचा पंप धुतला जातो, तिथला दगड कितीही देखणा असो, घरात आणू नये. काही कीटकनाशकांचा अगदी अल्प अंशही माशांना पुरतो. ॲसिडच्या थेंबाने हे विष ओळखता येत नाही. आणि जो पंप विहिरीच्या काठावर धुतला जातो, त्याचे पाणी कुठे मुरते, याचाही विचार सभासदांनी जरूर करावा.

दगड काथ्याने घासावा, साबण लावू नये. विस्तवावर तापवू नये. आतल्या पाण्याच्या वाफेने तो फुटतो. मोठा दगड आधी तळाशी पक्का बसवून मग वाळू भरावी, म्हणजे तो कलंडून काच फुटणार नाही.

चार दगड, चार थेंब आणि आठ दिवसांचा धीर, एवढ्यावर मासे जगतात.