उष्णतेस अनुदान : उत्तर आयर्लंडचा अनुभव

थंड हवेच्या देशात इमारत उबदार ठेवणे हा चैनीचा नव्हे, तर गरजेचा खर्च होय. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे दोन-तृतीयांश घरे तेलावर उबदार राहतात. हे तेल बाहेरून आणावे लागते. झाड पुन्हा लावता येते, तेल मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही, हे लक्षात घेऊन तेथील शासनाने नोव्हेंबर २०१२ मध्ये घरांव्यतिरिक्त अन्य इमारतींसाठी एक अनुदान योजना सुरू केली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर लोकांनी बसवावेत, हा तिचा मुख्य रोख होता. हेतू उत्तमच होता.

अनुदान दोन रीतींनी देता येते. यंत्र विकत घेतेवेळी एकरकमी साहाय्य करावे, किंवा निर्माण झालेल्या उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे काही वर्षे पैसे द्यावेत. उत्तर आयर्लंडने दुसरी रीत पत्करली व २० वर्षांची हमी दिली.

आता चूक कोठे झाली ते पाहू. शिक्षकबंधूंना ती सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखविता येईल. लहान बॉयलरसाठी अनुदान प्रति युनिट ५.९ पेनी ठरले होते. गोळ्यांचा खर्च प्रति युनिट सुमारे ४.४ पेनी येत होता. म्हणजे १०० पौंडांचे इंधन जाळावे आणि सुमारे १३४ पौंड अनुदान घ्यावे! जितके अधिक जाळावे तितका अधिक लाभ. मग उष्णतेची गरज असो वा नसो, बॉयलर विझवावा कशाला?

याच स्वरूपाची योजना शेजारी ग्रेट ब्रिटनमध्ये चालू होती. तिच्यावरूनच ही बेतली होती. पण तेथे एक बांध घातलेला होता. वर्षाचे ८,७६० तास. त्यांचे १५ टक्के म्हणजे १,३१४ तास. तेवढ्या तासांपुरतेच मोठे अनुदान, त्यापुढे फार कमी. नक्कल करताना नेमके हेच कलम गळले. उतारा लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याची एक ओळ सुटावी, तसे झाले. फक्त या ओळीची किंमत कोट्यवधी पौंड होती.

सावधगिरीची सूचना मिळालीच नव्हती असे नाही. उष्णतेची बचत करणारी साधने विकणाऱ्या एका उद्योजिकेने २०१३ मध्येच संबंधित खात्यास हा दोष कळविला होता. बचतीत कोणास रस उरला नाही, हे तिला गिऱ्हाइकांच्या बोलण्यावरूनच उमगले. तिच्या सूचनेकडे दुर्लक्ष झाले. २०१५ च्या शरदात दर कमी होणार अशी वार्ता पसरताच तीन महिन्यांत ९०० हून अधिक अर्ज आले. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांस बंद करण्यात आली. २० वर्षांत सुमारे ४९ कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल, असा अंदाज त्या वेळी झाला. आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडील खर्च त्या प्रांताच्याच अंदाजपत्रकातून, म्हणजे जेथून शाळांना व रुग्णालयांना पैसा मिळतो तेथूनच, भागवावा लागणार होता. लोकांनी या प्रकरणास ‘राखेबद्दल रोख’ असे नाव दिले.

पुढे राजकीय वादळ उठले. ९ जानेवारी २०१७ रोजी उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. सत्ता दोन्ही समाजांनी मिळून चालवावयाची, अशी तेथील घटना असल्यामुळे मंत्रिमंडळच कोसळले व जानेवारी २०२० पर्यंत पुन्हा उभे राहिले नाही. न्यायमूर्ती पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अनर्थाचे कारण लाचलुचपत नव्हे, तर अपुरे मनुष्यबळ, अपुरे ज्ञान आणि एकाचा दुसऱ्यावर टाकलेला भरवसा हे होय, असा त्याचा आशय आहे. हा निष्कर्ष आम्हांस अधिक अस्वस्थ करणारा वाटतो.

मध्यंतरी कायदा करून अनुदानाचे दर २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये उतरविण्यात आले. ज्यांनी गरजेपुरतीच उष्णता वापरली, पण २० वर्षांच्या हमीवर विसंबून बॉयलरसाठी कर्ज काढले, त्यांचाही दर त्याच कात्रीत सापडला. हप्ते मात्र पूर्वीइतकेच राहिले.